ताट धरणारी मुलगी

विद्यापीठाच्या अभिलेखागारात उद्घाटन समारंभांचा विभाग माझ्याकडे आहे. निमंत्रणपत्रिका, फोटो, भाषणं, व्हिडिओ कॅसेट. जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायच्या आणि त्यात दिसणाऱ्यांची नावं लावायची. मान्यवरांची नावं पत्रिकेतच मिळतात. बाकीच्यांसाठी हिंडावं लागतं.

घोडेगावच्या उपकेंद्राच्या उद्घाटनात कुलगुरूंपुढे एक विद्यार्थिनी कात्रीचं ताट धरून उभी होती. तिचं नाव लागत नव्हतं. विचारत गेल्यावर कळलं, की लग्न होऊन ती पिंपरी पेंढारला गेली आणि आता टोमॅटोच्या रोपांची नर्सरी चालवते. फोन करून मी लॅपटॉप घेऊन गेलो.

हिरव्या जाळीखाली तिनं खुर्ची दिली. तिची आई शेजारी बसून रिकामे ट्रे धूत होती. वडील वारून काही वर्षं झाल्याचं बोलण्यात आलं.

मी चित्रण लावलं. स्वतःला बघून ती हसली. "ताट लई जड व्हतं, साहेब." फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, कॅमेरा मांडवावरून फिरला. ती एकदम पुढं झुकली.

"थांबवा. मागं घ्या जरा."

मी मागं घेतलं. मांडवाच्या कडेला, खुर्च्या रिकाम्या असूनही, एक माणूस खांबाला टेकून उभा होता. पांढरा शर्ट, टोपी हातात.

"हे आमचं आबा हायेत," ती म्हणाली. "आबा आलं नव्हतं. कांदा काढायचाय, जमणार न्हाई, म्हणलं व्हतं. मी चार दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी."

आईनं ट्रे खाली ठेवला नाही. "गेलं व्हतं की. शर्टाला इस्त्री मीच करून आणलेली."

"मग मला का नाय सांगितलं?"

"त्यांनीच सांगू नको म्हणलं. तिथं सगळी शिकलेली मानसं. पोरीला अवघडल्यासारखं व्हईल, म्हणलं."

मी लॅपटॉपची बॅटरी किती उरली आहे ते पाहिलं. मग तिनं ते चित्रण पुन्हा लावायला सांगितलं, आणि आणखी एकदा. तिसऱ्या वेळी आई हात पुसत येऊन तिच्या खुर्चीमागं उभी राहिली.

"बारीक दिसत्यात," आई म्हणाली.

चित्रणाची प्रत मिळायला अर्ज लागतो. तो मी तिथंच भरून घेतला आणि आळेफाट्यावरून एसटीनं परत आलो.

नोंद करताना ताट धरणाऱ्या विद्यार्थिनीच्या नावाखाली मी तिच्या वडिलांचंही नाव लिहिलं. अभिलेखागाराच्या प्रमुख बाईंनी यादीवरून पेन फिरवताना विचारलं, "हे कोण? पत्रिकेत नाहीत."

"प्रेक्षक आहेत. मुलीनं ओळखलं."

बाईंनी चित्रण मागवून स्वतः पाहिलं आणि नोंदीवर सही केली.