सगळी गोल्टी

कांदा साठवायच्या चाळीचा उग्र वास आला की सायखेड्याला आमच्या खळ्यावर आलेला तो माणूस आठवतो. बाजार समित्यांच्या कम्प्युटरना एकमेकांची माहिती कळावी म्हणून तो एक्सएमएल नावाच्या त्यांच्या भाषेत मालाची नावं पक्की करत होता. कुठल्या कांद्याला आम्ही काय म्हणतो, एवढंच त्याला हवं होतं. वडिलांनी त्याच्या हातात चहा दिला आणि विचारलं, "साहेब, याच्या आधी काय करायचे?" "आधी विमा कंपनीत होतो, मग शब्दकोशाच्या कामात, तिथून या लाइनीत आलो," तो सरळपणे म्हणाला. वडील मला बाजूला घेऊन पुटपुटले, "विम्यातला माणूस नुसती नावं विचारायला येत नाय. व्यापाऱ्यानं धाडलाय, माल बघायला. चांगला माल भरपूर दिसला की भाव पाडतील." मग परत जाऊन त्यांनी आमच्या सगळ्यात चांगल्या ढिगाकडे हात केला आणि म्हणाले, "ही गोल्टी." गोल्टी म्हणजे लिंबाएवढा, पडेल त्या भावात जाणारा कांदा. त्या माणसाने मुठीत न मावणारा एक कांदा उचलून फिरवून पाहिला. "मग मोठा कसा असतो?" "यंदा मोठा झालाच नाय." त्याने लॅपटॉपवर गोल्टी लिहून घेतलं. आता मीच त्या लाइनीत आहे आणि नावं विचारत खळ्याखळ्यांवर फिरते. "ताई, याच्या आधी काय करायच्या?" असं कुणी विचारलं की मी खरं तेच सांगते, "घरचे कांदेच होते." मग समोरचा ढिगाकडे एकवार बघतो आणि म्हणतो, "यंदा सगळी गोल्टीच हाय."