बाबांचं शुद्ध मराठी

बाबांचा शेवटचा आजार चार महिने चालला आणि त्या चार महिन्यांत मी एकदाही उज्जैनला गेले नाही. मला तो आजार माहीतच नव्हता. दर पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र पुण्याला माझ्या वसतिगृहावर येत होतं आणि एकाही पत्रात आजाराचा उल्लेख नव्हता. तो का नव्हता, ते मला बाबा गेल्यानंतर बाराव्या दिवशी कळलं. आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा पालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करणारे बाबू होते. सगळी नोकरी त्यांनी एकाच खोलीत, एकाच टेबलावर केली. लोक त्यांना बाबूजी म्हणत आणि ते म्हणणं वरवरचं नव्हतं. जन्माची नोंद करायला आलेल्या माणसाकडून ते बाळाचं नाव तीनदा वदवून घेत आणि मगच पेन उचलत. एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा भैरवगढहून कापड छापणारा एक माणूस आला होता. हाताला कोपरापर्यंत रंग. मुलीचं नाव त्याने पहिल्यांदा एक सांगितलं, दुसऱ्यांदा वेगळंच.

"घर जाओ, उसकी माँ से पूछ के आओ," बाबा म्हणाले.

"अरे बाबूजी, कुछ भी लिख दो. लड़की ही तो है."

"इसीलिए तो पूछ के आओ."

तो माणूस कुरकुरत गेला आणि दुसऱ्या दिवशी बायकोलाच घेऊन आला, हे बाबांनी जेवताना फार आनंदाने सांगितलं.

मृत्यूची नोंद करायला कुणी आलं की ते खुर्चीतून उठून उभे राहत. फॉर्मवर 'मृतक का नाम' असा रकाना असे, पण तो शब्द ते तोंडाने उच्चारत नसत. "किनका लिखना है?" असं विचारत. कुणाचं लिहायचंय, एवढंच. त्यांच्या माणसाला पहिल्यांदा मृतक म्हणणारा मी का व्हावं, असं ते आईला म्हणाले होते.

घरी ते अगदी बोलके. आमचं कुटुंब पाच-सहा पिढ्यांपूर्वी कुठल्याशा सरदाराच्या दफ्तरात लिहिण्याच्या कामावर माळव्यात आलं आणि तिथलंच झालं. घरात मराठीच बोलत असू, पण ते आमचं मराठी. त्यात निम्मे शब्द हिंदीतून येऊन बसलेले. नळ यायचा तेव्हा 'पाणी येऊन राहिलं' असायचं. ताप उतरला की 'आराम पडला'. मुलगी असूनही मी 'बेटा' होते. फ्रीगंजच्या आमच्या दोन खोल्यांत ही भाषा कुणाला चुकीची वाटत नव्हती, कारण ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी एकुलती एक. वाचायची आवड होती म्हणून बाबांनी मला मराठी घेऊन एम. ए. करायला पुण्याला पाठवलं. त्या वर्षांत आमच्या गल्लीतली बरीच माणसं मुलांना कॉम्प्युटरच्या क्लासला घालत होती. कापडगिरण्या बंद पडून घरी बसलेले कामगार टावर चौकात हातगाड्या लावत होते. अशा दिवसांत मुलीला साहित्य शिकायला एवढ्या लांब पाठवतात याचं लोकांना हसू येई. बाबा म्हणत, "तिला आवडतं ना? बस."

पुण्याला पहिल्याच आठवड्यात मी मेसमध्ये म्हणाले, "मी जेवून राहिलेय, तुम्ही व्हा पुढे." सगळं टेबल हसलं. त्यानंतर महिनाभर कुणीही काहीही करत असलं की 'राहिलेय' जोडलं जाई. मी फार लवकर शिकले. दिवाळीत घरी आले तेव्हा माझी जीभ बदललेली होती.

"काय करून राहिलीस?" बाबांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं.

"बाबा, 'काय करते आहेस' म्हणतात."

"म्हणत असतील. मी तर विचारून राहिलोय." मग आईकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? आपल्याकडे पुण्याची मास्तरीण आली. आता चहासुद्धा व्याकरणात मागावा लागणार."

ते हसत होते. मीही हसले. पण सुट्टीभर मी त्यांना सुधारत राहिले.

नंतर एकदा माझ्या खोलीतल्या मुलीने बाबांचं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि मैत्रिणींना वाचून दाखवलं. तिच्या मनात वाईट नव्हतं, तिला ते गोड वाटलं होतं. "तुझी फार याद येऊन राहिली आहे. सुट्टी मिळाली तर येऊन जा." सगळ्या खो खो हसल्या. त्याच पत्राच्या शेवटी बाबांनी लिहिलं होतं, 'माझ्या मराठीत गलती दिसली तर लाल करून पाठव. आमच्या ऑफिसात पण तसंच करतात.'

रविवारी दुपारी मी लाल पेन घेऊन बसले. पत्र दोन पानांचं होतं. मी एकही ओळ सोडली नाही. 'राजीखुशी' खोडून 'खुशाल' केलं. आईच्या डोळ्यांची 'जांच' खोडून 'तपासणी'. 'येऊन जा'च्या खाली रेघ मारून समासात लिहिलं, 'याचा अर्थ येऊन परत जा असा होतो. नुसतं ये म्हणावं.' आणि 'याद'भोवती गोल करून लिहिलं, 'मराठीत याद फक्त धमकी देताना येते. याद राख! इथे आठवण हवं.' हे लिहिताना मला आपण विनोदी लिहिल्यासारखं वाटलं. पाकिटात घालून मी ते पत्र त्यांना परत पाठवलं.

त्यांचं पुढचं पत्र अर्ध्या पानाचं आलं. त्यात एकही चूक नव्हती. 'चि. कन्येस अनेक आशीर्वाद. येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. आईची प्रकृती ठीक आहे. अभ्यासात लक्ष असावे.' मला अभिमान वाटला. ज्या मैत्रिणीने आधीचं वाचून दाखवलं होतं तिला मी हे मुद्दाम दाखवलं. पुढची सगळी पत्रं तशीच आली, अर्ध्या पानाची आणि निर्दोष.

महिन्यातून एकदा रविवारी बाबा टावर चौकातल्या एसटीडी बूथवरून वसतिगृहावर फोन करत. बूथमध्ये एकच माणूस मावे, म्हणून आई बाहेर स्टुलावर बसलेली असायची; तिचा निरोप बाबाच सांगत. बाबा सावकाश, शब्द निवडून बोलत. "प्रकृती उत्तम आहे. काळजी नसावी."

"बाबा, किती छान बोलता हो हल्ली!" मी एकदा म्हणाले.

मग ते म्हणाले, "शिकून राह... शिकतो आहे."

हा फोन जानेवारीतला होता. तेव्हा त्यांच्या पोटात गाठ निघून दोन महिने झाले होते.

मार्चमध्ये चुलतभावाचा फोन आला की काका सीरियस आहेत, ताबडतोब नीघ. गाडी उज्जैनला पोचली तोवर सगळं होऊन गेलं होतं. अग्नीही त्यानेच दिला होता. घरात शिरले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या गळ्यात पडायला गेले, तर तिने मला धरलं नाही. हात मांडीवर तसेच ठेवले. दु:खाने सुन्न झाली आहे, असं मला वाटलं.

दहा दिवस माणसं येत होती. माझ्या ओळखीची थोडीच. पुष्कळशी अशी, की ज्यांच्या घरातली नावं बाबांनी लिहिली होती. रामघाटावर दहाव्याला गुरुजींना मंडळी आवरेनात. एक म्हातारी मला धरून म्हणाली, "मेरे तीनों का नाम उन्होंने लिखा, बेटा." बेटा म्हणणारे बाबा आता उरले नाहीत हे मला त्या क्षणी कळलं आणि मी पायरीवर बसून राहिले.

बाराव्या दिवशी त्यांची स्वतःची नोंद करायला मीच त्यांच्या ऑफिसात गेले. टेबलावर नवीन माणूस होता, तरुण, कामाला चोख. त्याने नियमाप्रमाणे विचारलं, "मृतक का नाम?" माझ्या तोंडून नाव निघेना. त्याने पाणी आणवलं, वाट पाहिली, पुन्हा तेच विचारलं. त्याची काहीच चूक नव्हती.

फॉर्मसोबत त्यांच्या जन्मतारखेचा कागद लागत होता. तो शोधायला घरी येऊन मी त्यांचं कपाट उघडलं. तिथे माझ्या शाळेच्या जुन्या वह्या होत्या. त्यातली कोरी राहिलेली पानं त्यांनी वापरली होती. ते मला पाठवायच्या पत्रांचे कच्चे मसुदे होते. वह्यांच्या शेजारी मराठी वाचनालयाचा शिक्का असलेला शब्दकोश होता आणि त्यात मी लाल केलेलं पत्र नीट घडी घालून ठेवलेलं होतं.

पहिला मसुदा नोव्हेंबरचा होता. 'बेटा, एक गोष्ट सांगायची आहे, घाबरू नको. पोटात गाठ निघाली आहे. इंदौरला जांच केली. डॉक्टर चेष्टा करून राहिले आहेत पण मला उम्मीद वाटत नाही. तुझी फार याद येऊन राहिली आहे. परीक्षा अगदी जरूरी नसेल तर येऊन जा.'

'जांच' खोडून वर 'तपासणी' लिहिलं होतं. 'चेष्टा' खोडलं होतं. आमच्याकडे चेष्टा म्हणजे खटपट, कोशिश. त्यांनी तो शब्द कोशात पाहिला असावा, कारण समासात बारीक अक्षरात 'थट्टा, मस्करी' असं उतरवून घेतलं होतं. त्यावर 'प्रयत्न' आलं. 'उम्मीद'च्या जागी 'आशा'. 'याद' खोडून 'आठवण' लिहिलं होतं आणि मग 'आठवण'ही खोडलं होतं. 'येऊन जा' खोडून नुसतं 'ये' लिहिलं होतं. मग तेही खोडलं होतं. आणि शेवटी 'एक गोष्ट सांगायची आहे' पासून खालपर्यंत सगळ्यावर एक तिरकी रेघ.

त्या तारखेचं जे पत्र मला मिळालं होतं त्यात लिहिलं होतं, 'येथे थंडी पडू लागली आहे. अभ्यासात लक्ष असावे.'

वहीत असे सात मसुदे होते. प्रत्येकात तो मजकूर होता आणि प्रत्येकात एकेक शब्द दुरुस्त होत होत तो नाहीसा झाला होता. माझ्या परीक्षेत विघ्न नको म्हणून त्यांनी ते गाळलं असेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगते. काही दिवस ते पटतंही. पण तसं असतं तर त्यांनी एकदाच रेघ मारली असती. सात वेळा शब्दांपाशी अडखळले नसते.

मी वही हातात धरून तिथेच बसले होते. आई मागे येऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. वही दिसत होती, अक्षर दिसत नव्हतं.

"त्यांची वही का?"

"हो."

"ह्यातूनच वाचून दाखवायचे मला. बेटाला काय लिहिलंय ते. प्रत्येक वेळी. आणि मग चांगल्या कागदावर उतरवून ऑफिसला जाता जाता टाकायचे." ती पलंगाच्या कडेवर बसली. बारा दिवसांत ती माझ्याशी इतकं पहिल्यांदाच बोलत होती. "चार महिने वाट बघून राहिले होते गं ते. संध्याकाळी दारातच बसायचे. मी म्हटलं, भावजींना सांगून फोन लावते, तर म्हणाले, लिहिलंय तिला, आता ती ठरवेल. इतकं लिहिलं तुला. येऊन जा म्हणून लिहिलं. आणि तू आली नाहीस."

तिने मला धरलं का नव्हतं, ते आता समजलं.

खरं सांगायचं तर मला दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. एक, की बाबा तुला वाचून दाखवायचे ते मला कधी पाठवायचेच नाहीत. म्हणजे जो माणूस परक्यांच्या पोरांची नावं तीनदा विचारल्याशिवाय लिहीत नव्हता, तो चार महिने आपल्या बायकोला खोटं वाचून दाखवत होता. आणि दुसरी, की त्यांनी तसं का केलं. ते सांगताना लाल केलेलं पत्र तिला वाचून दाखवावं लागलं असतं. 'याद राख'सकट.

"बोल ना," आई म्हणाली. "आलं नव्हतं का पत्र?"

तिच्या आवाजात आशा होती. पत्र हरवलं असं मी म्हणावं, असं तिला वाटत होतं. पण सात पत्रं कशी हरवतील? तिने दुसऱ्या दिवशी विचार केला असता आणि पुढचे प्रश्न विचारले असते.

"आलं होतं," मी म्हणाले. "परीक्षा होती."

ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "परीक्षा तर दरसाल होते."

ज्या परीक्षेचं नाव मी सांगितलं ती एप्रिलमध्ये होती, आणि मी ती दिली नाही. एम. ए. पुरं केलं नाही. आईजवळ राहिले, फ्रीगंजमधल्याच एका शाळेत नोकरी धरली. तिथे सात वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. आई माझ्याशी वाईट वागली नाही. माझ्या हातचं जेवली, आजारपणात माझ्याच खांद्यावर टेकली. फक्त बाबांविषयी माझ्याशी कधी बोलली नाही. त्यांच्या आठवणी ती शेजारणींना सांगायची आणि मी खोलीत आले की थांबायची.

पुण्यात असलेली मुलगी बाप मरताना आली नाही, हे नात्यात सगळ्यांना माहीत झालं होतं. दरसाल श्राद्धाला कुणीतरी एखादी आत्या किंवा मामी ते काढायचीच. आणि दरवेळी आई माझ्या बाजूने बोलायची. "तिची परीक्षा होती नं," ती म्हणायची. "ह्यांनीच लिहिलं असेल, येऊ नको म्हणून."

मी पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी असायची. आई असेपर्यंत मी मध्ये बोलले नाही.