डब्यांची रांग

आज बाजरीच्या पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि त्या कोमट वासाबरोबर, बाळांनो, आम्ही परदेशातून नाशिकला कायमचे परतलो त्या पहिल्या महिन्यातली एक सकाळ आठवली. तिकडचं घर विकायच्या कागदांवर तुमच्या आजोबांची सही झाली होती, माझी मात्र होत नव्हती. इथे आपल्याला पुन्हा जमेल का, हेच मला कळत नव्हतं. त्या सकाळी द्वारका चौकाजवळच्या पिठाच्या गिरणीत गेले. पट्टा धडधडत होता, हवेत पीठ तरंगत होतं, आणि मी डबा हातात धरून दाराशी शिस्तीत उभी राहिले. माझ्यानंतर आलेल्या तीन बायकांची दळणं झाली. मी चिडले, पण कोणाला बोलावं तेही समजेना, कारण रांगच कुठे दिसत नव्हती. शेवटी बाकावर लसूण सोलत बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ओ ताई, कोणाची वाट बघताय?" "माझ्या नंबराची." "अहो, नंबर डब्याचा असतो, माणसाचा नाही! ठेवा तो त्या डब्यांमागे आणि या इकडे." सगळ्या हसल्या. मग मला भिंतीलगतची डब्यांची रांग दिसली, अगदी सरळ. आजींनी सरकून जागा दिली आणि माझ्या ओंजळीत लसूण टाकला, "तोवर हे सोला." घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, "जमलं?" मी म्हटलं, "कोण जाणे," आणि कागद ओढून सही करून टाकली. ती त्याच दिवशी का केली, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.