चार मशिनी, एक पत्ता

‘‘माझ्या बाजूनं सगळं बरोबर आहे सर, प्रॉब्लेम नेटवर्कचा आहे.’’

हे वाक्य मी एका सकाळी दहाच्या सुमारास सहा-सात माणसांसमोर बोलले. खोटं बोलायचं मनात नव्हतं, मला तसंच वाटत होतं. पण तपासून न बघता बोलले, आणि ते ज्या माणसावर जाऊन पडलं तो माणूस माझ्या शेजारीच उभा होता.

न्हावा शेव्याला बंदराबाहेर कंटेनर ठेवायची यार्डं आहेत. त्यातल्या एकात मी कॉम्प्युटर विभागात होते. आमचं गाव तिथून जवळच. वडिलांचं आयुष्य मिठागरात गेलं. मिठागरं बंद झाली तशी गावातली बरीच पोरं कंटेनरचे ट्रेलर चालवायला लागली, त्यात माझा धाकटा भाऊही. मी मात्र शिकले आणि एसीच्या खोलीत बसले. घरी याचं कौतुक होतं. खरं सांगायचं तर मलाही होतं.

त्या खोलीत माझ्या कितीतरी आधीपासून एक काका होते. थळचे, कोळी. टेलिफोनच्या वायरी ओढता ओढता नेटवर्कचं काम शिकलेले. रोज सकाळी रेवसहून लाँच पकडायचे, करंजाला उतरायचे आणि तिथून रिक्षानं यार्डात. यार्डातली प्रत्येक वायर कुठून निघते आणि स्विच म्हणतात त्या डब्यात कुठं येऊन जुळते ते त्यांना पाठ होतं. नवी मशीन आली की तिला नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आकड्यांचा एक क्रमांक, ते स्वतःच्या हातानं द्यायचे आणि एका जाड वहीत लिहून ठेवायचे. पत्ता वेगळा असला तरच मशीन बाकीच्यांशी बोलू शकते. हे काम ते देवपूजेसारखं सावकाश करायचे.

मी आले ती हे सगळं आपोआप करायला. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात लहान लहान आभासी मशिनी तयार करायच्या, त्याही हातानं नाही तर स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचनांची यादी, लिहून. आधी एक मशीन नीट बसवायची, तिचा साचा करायचा आणि त्या साच्यावरून हव्या तितक्या काढायच्या. पत्तेही एक सर्व्हर आपले आपण वाटून देणार. जे काम काकांना दोन दिवस लागायचं ते दहा मिनिटांत व्हायला लागलं. साहेब खूश झाले. एका मीटिंगमध्ये मी म्हटलंही, की आता त्या वहीची गरज नाही. काका समोरच बसले होते. त्यांनी वही मिटली आणि पिशवीत घातली.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट. गेटवर ट्रेलरला पास देणारी जुनी सिस्टिम बदलून नवी बसवायची होती. तिच्यासाठी मी रविवारी चार नव्या मशिनी काढल्या. चारही सुरू झाल्या, स्क्रीनवर चार हिरवे दिवे आले. एकीत जाऊन बघितलं, सगळं ठीक होतं. बाकीच्या तिघींत गेले नाही. सोमवारी सकाळी गेट नव्या सिस्टिमवर टाकलं.

पहिले काही पास निघाले. मग अडकलं, मग एक निघाला, मग पुन्हा अडकलं. धड बंदही पडेना आणि धड चालेना. मागं फिरायचं तर जुनी सिस्टिम आम्ही सकाळीच काढून टाकली होती. साडेनऊपर्यंत ट्रेलरची रांग पुलापर्यंत गेली. तेव्हा साहेब खोलीत आले, सगळ्यांना जमवलं आणि मला विचारलं. त्यावर मी ते वाक्य बोलले.

साहेब काकांकडे वळले. ‘‘मग तुम्ही काय करताय?’’

‘‘स्विच बघितला साहेब,’’ काका म्हणाले. ‘‘वायरी बघितल्या. त्यात काय न्हाय.’’ मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ‘‘बाय, तुझ्या मशिनींचे पत्ते येकदा बघ.’’

‘‘काका, पत्ते आपोआप पडतात,’’ मी म्हटलं. ‘‘त्यात चूक होत नाही.’’

मग साहेब बोलले. जुन्या पद्धतीच्या माणसांमुळे नवं काम अडतं, असं काहीसं. सगळ्यांसमोर, आवाज चढवून. काका हातात टॉर्च घेऊन ऐकत उभे राहिले. आजपासून नेटवर्क बाहेरची एजन्सी बघेल, तुम्ही उद्यापासून वजनकाट्यावर बसा, असं साहेबांनी सांगितलं. काकांनी टॉर्च टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले.

अकराच्या सुमारास भावाचा फोन आला. तो त्याच रांगेत होता. ‘‘ताई, सकालपासून हितंच हाव. तुमचा गेट कवा चालू होनार?’’

‘‘थोडा वेळ लागेल,’’ मी म्हटलं.

‘‘माझ्या पुरं येक म्हातारा ड्रायवर हाय, त्याला चक्कर आली. आमी खाली उतरवून सावलीला झोपवलाय.’’

मे महिना होता. त्या रस्त्याला झाड नाही, सावली म्हणजे ट्रेलरचीच. पाणी पाठवायला मी गेटवरच्या वॉचमनला फोन केला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. तोवर मी एजन्सीची वाट बघत नुसती बसले होते. आता, दुसरं काही सुचेना म्हणून, काका म्हणाले होते ते करायला घेतलं.

दोन नंबरच्या मशीनच्या पत्त्यावर गेले. आत शिरल्यावर मशीन आपलं नाव दाखवते. नाव आलं चार नंबरचं. वाटलं, टाइप करताना चुकलं. बाहेर आले, तोच पत्ता पुन्हा टाकला. आता एक नंबर. तिसऱ्यांदा पुन्हा चार. मग पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरची नोंद उघडली. चारही मशिनींना त्यानं एकच पत्ता दिला होता. गेटवरून एखादी गोष्ट विचारली की ती कधी एकीकडे जायची, कधी दुसरीकडे, आणि उत्तर वाटेत हरवायचं.

सर्व्हरची काही चूक नव्हती. प्रत्येक मशीन पहिल्यांदा सुरू होते तेव्हा स्वतःसाठी एक ओळखक्रमांक बनवते आणि तो दाखवून पत्ता मागते. मी साचा केला होता तो आधीच एकदा सुरू करून बघितलेल्या मशीनचा. त्यामुळे तिचा ओळखक्रमांक साच्यात राहून गेला आणि चारही जणी तोच घेऊन जन्मल्या. सर्व्हरच्या लेखी ती एकच मशीन होती, चार वेळा पत्ता मागणारी. साचा करण्यापूर्वी एक फाइल रिकामी करायची असते. ती मी केली नव्हती.

फाइल रिकामी केली, चारही मशिनी पुसून नव्यानं काढल्या. चार वेगळे पत्ते पडले. बाराच्या आत गेट सुरू झालं. त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला भावानं आणि आणखी एकानं रिक्षात घालून उरणला दवाखान्यात नेलं होतं. सलाईन लावली, संध्याकाळी ते बरे झाले.

साहेबांनी सगळ्यांना मेल पाठवला : नेटवर्कचा प्रॉब्लेम सुटला, आणि माझे आभार. मी तो वाचला. उत्तर लिहायला घेतलं, दोन ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी काका वजनकाट्यावर गेले. मी त्या दिवशीही सांगितलं नाही. असा आठवडा गेला. घरी भाऊ कौतुकानं म्हणाला, ‘‘ताईनं गेट चालू केला.’’ मी जेवणाच्या ताटावरून उठले.

रविवारी मी थळला गेले. काका घरासमोर बसून जाळं नीट करत होते. त्यांच्या बायकोनं चहा दिला. मी सगळं सांगितलं, साचा, ओळखक्रमांक, ते वाक्य. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

‘‘मना ठाव हाय,’’ ते म्हणाले. ‘‘स्विचवर दिसत होता. पत्ता येक आनि चार मशिनी त्याच्यासाठी भांडतान.’’

‘‘मग साहेबांना का नाही सांगितलं?’’

‘‘तुला सांगितला ना. तू न्हाय म्हनलीस, मंग माझा कोन ऐकनार होता?’’

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती माफ केल्याची खूण नव्हती. म्हणाले, ‘‘माझ्याकडं येऊन काय उपयोग, बाय? मना तर पयल्यापासून ठाव हाय. ज्यांना ठाव न्हाय त्यांना सांग.’’

सोमवारी मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, झालं ते झालं, आता विषय वाढवू नको. मग मीच सगळ्यांना मेल लिहिला. चूक माझ्या साच्यात होती, काकांनी सकाळीच नेमकं कारण सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, एवढंच. कुणीही उत्तर दिलं नाही. काकांना परत आणायला मी दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा एजन्सीशी करार झाल्याचं सांगण्यात आलं. निवृत्त होईपर्यंत ते वजनकाट्यावरच राहिले. आम्ही भेटलो की बोलायचो. लाँच वेळेवर होती का, जाळ्यात काय लागलं, असंच. त्या सोमवारबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी ऑफिसात चहा-समोसे झाले. साहेब दुसरीकडे बदलून गेले होते. संध्याकाळी मी विचारलं, ‘‘काका, करंजापर्यंत सोडू?’’ ते स्कूटरवर मागं बसले, मांडीवर सत्काराची शाल आणि नारळाची पिशवी. वाटेत वाऱ्यामुळे बोलणं ऐकू येत नव्हतं. धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘आता मशिनी किती झाल्या?’’

‘‘साठेक.’’

‘‘समद्यांचे पत्ते बघतीस?’’

‘‘एकेकीत जाऊन बघते.’’

‘‘बघत जा,’’ ते म्हणाले. लाँच लागली होती. पायऱ्यांवर शेवाळ होतं, म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी तो धरला नाही, पिशवी मात्र माझ्या हातात दिली, खाली उतरले आणि मग वर बघून ती परत मागून घेतली.