काळ्या कुत्र्याचे शनिवार

काळा अंगणात आडवा पडला होता. पोट डफासारखं फुगलेलं, तोंडाला फेस, पाय एकसारखे झटकत होता. मघाशी ओकला त्यात बुंदी अख्खीच्या अख्खी पडली, शेवटी शेवटी रक्त. आणि शेजारचा, नात्यानं माझा दीर, ताटलीत तुपात भिजवलेली गुळाची पोळी घेऊन उभा.

"वैनी, एक घास तेवढा खाऊ दे ना त्याले. माहा अकरावा शनिवार आहे."

"कुत्रा मरून राह्यला, दिसत नाई का?"

"म्हणूनच तं म्हणतो. मेल्यावर कसा खाईन?"

मी ताटली हिसकली आणि पोळी उकिरड्यावर फेकली.

आमच्या कुत्र्याच्या अंगावर एकही पांढरा केस नव्हता. तेवढंच त्याचं चुकलं. साडेसाती लागली की शनिवारी काळ्या कुत्र्याला गोड चारायचं, असं सेलूच्या बाजारात बसणारा एक ज्योतिषी सांगायचा. कुत्र्यावर पांढरा डाग असला तर चारलेलं फुकट. गावात पाळलेला निखळ काळा आमचाच. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी अर्ध्या गावाला साडेसाती लागली. कुणाच्या मुलीचं जमत नव्हतं, कुणाच्या विहिरीला पाणी लागत नव्हतं. शनिवारी सकाळपासून अंगणात रांग. बुंदी, शिरा, पेढे, गोड पुऱ्या. सुरुवातीला मीही काही बोलले नाही. कुत्रा खुश, आणि दारात पुण्य येतं म्हणून सासू त्याहून खुश. गोडानं कुत्रं मरतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चौथी शिकले, त्या पुस्तकांत ते नव्हतं.

मला तो पुण्यासाठी नको होता, कामासाठी हवा होता. मालक वर्ध्याला कापसाच्या जिनिंगवर, महिन्यातून एकदा घरी. शेत मी एकटी बघायची. ज्वारीत रानडुक्कर शिरलं की काळा पुढं आणि काठी घेऊन मी मागं. तो गेला असता तर ती ज्वारी डुकरांची होती.

मी बंडीला बैल जुंपले. सासू दारात येऊन म्हणाली, "कुत्र्यासाठी बंडी? लोक हसतीन."

"हसू द्या."

सेलूच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याचं पोट चाचपलं आणि विचारलं, "बाई, हा कोणाच्या लग्नात जेवला?"

"शनीच्या," मी म्हटलं.

तो हसला नाही. सुई टोचली, सलाईन लावलं. म्हणाला, "एवढी साखर, एवढं तूप कुत्र्याला झेपत नाही. दोन दिवस नुसतं घोट घोट पाणी. पुन्हा गोड चारलं तर इकडे आणू नका, तिकडेच खड्डा खणा."

पुढच्या शनिवारी काळा जेमतेम उठून बसत होता, तर रांग परत हजर. मी त्याला आत कोंडलं. कुणीतरी खिडकीच्या गजांतून पेढा टाकला. तो मी त्याच्या जबड्यात बोटं घालून काढला. बोट फाटलं, पण पेढा निघाला. तो हातात घेऊन बाहेर आले.

"साडेसाती तुमची, अन् पोट माह्या कुत्र्याचं काऊन? घ्या, तुम्हीच खा."

कुणी खाल्ला नाही.

भिंतींसाठी आणलेली पांढरी माती घरात होती. ती मी पाण्यात कालवली आणि काळ्याला कपाळापासून शेपटीपर्यंत फासली. मग दार उघडून त्याला सगळ्यांसमोर ओट्यावर बसवलं. कुत्रा बगळ्यासारखा पांढरा.

दीर म्हणाला, "वैनी, ही तं फसवणूक झाली. शनिदेवाले का कळत नाई?"

"कळत असन तं त्याले माह्याकडं पाठवजो. मी बोलते त्याच्याशी."

रांगेतली एक म्हातारी खो खो हसली, तिलाही साडेसाती होती. बाकीचे ताटल्या झाकून निघून गेले. त्यानंतर दर शुक्रवारी संध्याकाळी मी माती कालवायची. सासूनं दोन महिने अबोला धरला. माझ्यामुळे आपल्या मुलीचं लग्न अडलं, असं दीर गावभर सांगत फिरला. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, तेव्हा मात्र माझ्यामुळे झालं असं कुणी म्हणालं नाही. लग्नाला मी गेले, जेवले. काळ्यासाठी कोरडी भाकर मागून आणली.

रांग मोडली नव्हती. ती पिठाच्या गिरणीमागच्या मोकाट कुत्रीकडं सरकली. तीही सगळी काळी. मी दोनदा जाऊन सांगितलं, मरेल ती. मला म्हणाले, तुह्या घरचं तू पाह्य. एकदा माती घेऊन गेले, तर कुत्री हाती लागली नाही, आणि पुन्हा मी गेले नाही.

ती त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी मेली. आमचा काळा पुढं सात वर्षं जगला.