शुक्राचे दगड, आईचे डोळे

शुक्रावर उतरलेल्या रशियन यानाने पाठवलेलं छायाचित्र मी नांदेडला कॉलेजात असताना एका गुळगुळीत मासिकात पाहिलं. तसली मासिकं तेव्हा स्वस्तात मिळत आणि घरोघरी त्यांच्या पानांची वह्यापुस्तकांना कव्हरं घालत. मीही त्याचसाठी अंक आणला होता. मधलं पान उघडलं आणि कात्री बाजूला ठेवली.

चित्र पट्टीसारखं लांबच लांब होतं. यानाच्या कॅमेऱ्यात एक आरसा हळूहळू फिरत होता आणि समोरचा प्रदेश बारीक उभ्या चिरांनी टिपत होता. त्या चिरा शेजारी शेजारी ठेवून हे चित्र तयार झालेलं. खाली यानाचं दातेरी कडं, त्याच्यापुढे फुटक्या शहाबादी फरशीसारखे सपाट दगड, दोन्ही टोकांना तिरपं क्षितिज, वर थोडंसं नारिंगी आभाळ. तिथल्या उष्णतेत यान दोनेक तास टिकलं. तेवढ्यात जे दिसलं ते पाठवून बंद पडलं.

त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. आमचं गाव अहमदपूरकडचं. ग्रामपंचायतीच्या पाटीवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलं गेलं. पाऊस मात्र झाला नाही. ‘‘जिल्हा इकडं आला, पाऊस उस्मानाबादलाच राहिला,’’ असं माझे वडील, आप्पा, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. गावात त्यांचं किराणाचं दुकान होतं. विहिरी आटल्या होत्या आणि बायका ओढ्यात झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. आईही भरत असणार. मी सुट्टीला गेलो तेव्हा माझ्यासमोर तांब्या यायचा. पाणी कुठून आलं, हे मी विचारलं नाही.

कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात शुक्राचं ते चित्र भिंतभर मोठं करून लावायचं मी ठरवलं. रंगीत छपाई परवडणारी नव्हती. स्टेशनच्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ होता. तिथे मासिकाच्या पानाचे काळेपांढरे तुकडे मोठे करून घेतले आणि जोडले. रंग भरायला तिथलेच चाचा. लग्नाच्या फोटोंना गाल गुलाबी आणि शालू लाल करण्यात त्यांचा जन्म गेलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी आभाळाला निळ्या रंगाचा बोळा फिरवला.

‘‘चाचा, तिथलं आभाळ नारिंगी आहे.’’

‘‘तू जाऊन आला का बेटा?’’

मी त्यांना मासिकातली यानाजवळची लहानशी रंगपट्टी दाखवली. आपल्याकडचे ठरलेले रंग यान सोबत घेऊन गेलं होतं. तिथल्या उजेडात तेच रंग कसे दिसतात ते बघायचं, म्हणजे दगडांचा खरा रंग कोणता आणि हवेने चढवलेला कोणता, याचा अंदाज येतो. चाचा म्हणाले, ‘‘म्हणजे त्यांना बी भरोसा न्हाई.’’ आणि त्यांनी निळा पुसून काढला.

मग कॉलेज सुटलं की मी तिथे बसू लागलो. मासिकाचं पान खिडकीशी धरून एकेका दगडाची छटा जुळवत होतो. हा जास्त पिवळा झाला, तो अजून करडा हवा. चाचा वैतागायचे. ‘‘नवरीबी एवढा छळ करत न्हाई,’’ म्हणायचे.

एका दुपारी दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, मला शोधत तिथे आले. ते अर्धापूरला केळीच्या व्यवहारासाठी आले होते. बाकावर पसरलेलं चित्र त्यांनी वाकून पाहिलं.

‘‘हे कोणाचं शिवार?’’

‘‘शुक्रावरचं.’’

‘‘तिथंबी दुष्काळ हाय का?’’ ते हसले. मग बसले आणि म्हणाले, ‘‘आईला कावीळ झालीय. डोळे पिवळे पडलेत. अन्न जाईना. अक्का म्हणली, सोबत घेऊनच या.’’

मी म्हणालो, ‘‘औषध चालू आहे ना?’’

‘‘हाय की. झाडपाला देऊन राहिले.’’

‘‘सोमवारी प्रदर्शन आहे. ते झालं की लगेच निघतो.’’

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या दगडांकडे. ‘‘बरं. तुमचं मोठं काम हाय,’’ असं म्हणून ते उठले. त्यांच्या बोलण्यात टोमणा होता का, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. त्या दिवशी केला नाही. ते गेल्यावर मी चाचांना म्हणालो की डावीकडचा दगड जरा उजळ झालाय.

प्रदर्शन छान झालं. लोक चित्रासमोर थांबत होते आणि मी काठीने दाखवत होतो. मंगळवारी गावी पोचलो तेव्हा दारात माणसं होती. आई पहाटे गेली होती.

आमच्या लिंगायतांत मयताला बसवतात. आईला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर विभूती, गळ्यात फुलं, नवं लुगडं. तिचा एकही फोटो नव्हता, म्हणून आप्पांनी अहमदपूरहून फोटोग्राफर बोलावला होता. त्याने तशीच बसलेली, डोळे मिटलेली आई टिपली. मी तिच्यासमोर बसलो होतो, पण पापण्यांखाली काय आहे ते आता दिसणार नव्हतं.

तेराव्यानंतर तो फोटो मी चाचांकडे नेला. मिटलेले डोळे उघडे रंगवून देण्याचं काम ते नेहमी करत. त्यांनी फोटो बाकावर ठेवला. मग ब्रश धुतला आणि विचारलं, ‘‘डोळे कसे होते, बेटा?’’

‘‘काळे.’’

मी क्षणभरही विचार केला नाही. शुक्रावरच्या दगडासाठी ज्या खिडकीत मी तासन्‌तास उभा राहिलो, तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. डोळे काळे असतात, म्हणून काळे.

फोटो चौकट करून गावी नेला. आप्पांनी तो समोर धरला आणि ‘‘चांगला झाला’’ म्हणाले. अक्का मात्र नंतर चुलीपाशी मला म्हणाली, ‘‘आईचे डोळे घारे होते रे. सावलीत काळेच वाटायचे. उन्हात निवडायला बसली की मधासारखे दिसायचे. तुला म्हाईत न्हाई?’’

मी म्हणालो, ‘‘बदलून आणतो.’’

‘‘नको. आप्पांनी एकदा बघितलंय. त्यांना कशाला पुन्हा हलवायचं.’’

फोटो भिंतीवर गेला. आप्पा गेले, दुकान गेलं. माझ्या मुलांना काळ्या डोळ्यांचीच आजी माहीत आहे.

मागच्या वर्षी मी अक्काकडे उदगीरला गेलो होतो. जाताना रंगांच्या दुकानातून छटापत्रक नेलं, घर रंगवणाऱ्यांना देतात तसं. एखाद्या चित्रकाराकडून फोटो नव्याने करून घ्यायचा असं मनात होतं. अंगणात उन्हात बसून तिने त्यातल्या तपकिरी आणि पिवळ्या रांगांवरून बोट फिरवलं. एका चौकोनावर ते थांबलं, पुढे गेलं, परत आलं. शेवटी तिने पत्रक मिटून माझ्या हातात दिलं.

‘‘घारे होते एवढं म्हाईत हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पण डोळ्यापुढं आई आणायला गेलं की आता तो फोटोच येतो.’’