परकोट सर आणि ती खिडकी

अमरावतीच्या जुन्या परकोटाला, म्हणजे गावाभोवतीच्या दगडी तटाला, हात लावल्याशिवाय आमचे सर कॉलेजात जात नसत. ओळखीच्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तळवा दगडांवरून फिरवायचे. म्हणून गावाने त्यांना परकोट सर केलं. ते वसईकडचे कॅथलिक, एकटे. पन्नास सालानंतर इतिहास शिकवायला वऱ्हाडात आले आणि आमच्या गावाचा आमच्याहून जास्त अभ्यास करून बसले.

रविवारी चर्चमधून निघाले की त्याच इस्त्रीच्या कपड्यांत ते विद्यार्थ्यांना परकोटाभोवती फिरवत. मुलं जमवणं, पाणी बरोबर घेणं, मुलींना वेळेत घरी पोचवणं ही कामं माझ्याकडे, त्यांच्या विद्यार्थिनीकडे. सरांचं जागोजागी एकच वाक्य असे, "आधी दगडाला विचारा, मग मला."

फेरी सगळ्यात रंगायची खिडकीपाशी. परकोटातल्या लहान दरवाजाला आमच्याकडे खिडकी म्हणतात. इंग्रजांच्या आधी गावावर लुटारू आले तेव्हा पहारेकऱ्याने पैसे खाऊन ही खिडकी आतून उघडली, असं सरांनी एका जुन्या इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. ते कुजबुजत सांगत, अडसर सरकवल्याचा अभिनय करत. त्या पहारेकऱ्याच्या वंशातलं घर खिडकीला लागूनच होतं. दारात तूर निवडत बसलेली गंगामावशी एकदा म्हणाली, "झाली का आमची आरती, सर?" आम्ही हसलो. सरही हसले.

पुढे तिच्या लेकीचं, कमलचं लग्न अकोल्याच्या जुन्या शहरात ठरलं. मुलगा आमच्याच कॉलेजचा, फेरीत येऊन गेलेला. त्याने ती गोष्ट घरी सांगितली आणि फितुराच्या घरची पोरगी नको, असा निरोप आला.

त्याच उन्हाळ्यात नगरपालिकेच्या गड्यांनी खिडकीभोवतीचा गिलावा खरवडला. सर नेहमीसारखे हात लावायला गेले आणि तिथेच थांबले. भिंत सलग बांधलेली होती, खिडकीसाठी ती मागाहून फोडली होती. कडा सावरायला लावलेल्या विटा इंग्रजी अमलातल्या. लुटारू आले तेव्हा तिथे उघडायला काही नव्हतंच.

सर खाली मातीत बसले. "इतकी वर्षं मी नुसता हात लावला," ते म्हणाले. "विचारलं नाही."

चर्चमध्ये त्यांनी पाप कबूल केलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "फादरनी क्षमा केली. पण ती गोष्ट मी फादरबद्दल कुठे सांगितली होती?" तिथून थेट गंगामावशीचं दार.

तिने सगळं ऐकून घेतलं. "आता सांगून राह्यले, सर? मोडलं ते जुळते का?"

"मी अकोल्याला जातो."

"जा. पण मले नाही वाटत."

मी बरोबर गेले. गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत सर एकच वाक्य ओठांत घोळवत होते, "मी खोटं सांगितलं." मुलाच्या वडिलांनी चहा दिला, मान दिला. "तुमी म्हणता तं खरंच असन, सर. पण पोराचं दुसरीकडं जमलं. अन् लोकाइले कोन सांगत फिरन?"

"मी फिरेन," सर म्हणाले.

आणि फिरले. त्यानंतर प्रत्येक फेरी गंगामावशीच्या दारापासून सुरू होई. चर्चमध्ये काढतात तशी हॅट काढून ते सांगत, "इथे मी खोटं सांगत आलो." त्यात अडसराचा अभिनय नव्हता, कुजबुज नव्हती. मुलं जांभया देत. हळूहळू फेरीला चार-पाचच जण उरले. शेवटी सर निवृत्त होऊन वसईला गेले आणि तिकडेच वारले.

मध्यंतरी मी शिकवते त्या शाळेच्या मुली घेऊन परकोटावर गेले होते. खिडकीपाशी दुसऱ्या शाळेचे एक मास्तर आपल्या वर्गाला गोष्ट सांगत होते. तीच कुजबुज, अडसर सरकवणारा तोच हात. मी पुढे होऊन म्हटलं, "हे खरं नाही. परकोट सरांनी स्वतः मागे घेतलं होतं."

"नाही हो बाई," ते हसून म्हणाले, "मी खुद्द सरांच्या तोंडून ऐकलंय. इतकं मनापासून कोणी खोटं सांगते काय?"

शेजारच्या दाराला कुलूप होतं. हे ऐकायला गंगामावशी तिथे नव्हती, एवढ्याचं मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.